मनगटाचें हाड आणि छायेची साक्ष

मनगट हा शब्द मराठींत अवयवापेक्षां पराक्रमाचाच अधिक वाचक झाला आहे. अमक्याच्या मनगटांत जोर आहे म्हणजे तो स्वतःच्या बळावर उभा आहे, असें आपण समजतों. परंतु ओल्या अंगणांत पाय घसरला, कीं डोकें व तोंड वांचविण्यासाठीं जो हात आपोआप पुढें होतो, त्याचें हें पराक्रमी मनगट बहुधा पहिल्यानें मोडतें. साऱ्या देहाचा भार पसरलेल्या तळव्यावर येतो, आणि हाताचें मोठें हाड ज्या ठिकाणीं रुंद होऊन आंतून जाळीदार व हलकें झालेलें असतें, नेमक्या त्या ठिकाणीं तें दगा देतें.

गेल्या पावसाळ्यांत अकोल्यास आमच्या मोठीआईला हाच अनुभव आला. (वडिलांच्या थोरल्या भावाच्या पत्नीला वऱ्हाडांत मोठीआई म्हणतात.) वय अडुसष्ट, तुळशीला पाणी घालून मागें वळली आणि पडली. संध्याकाळपर्यंत क्ष-किरणांचें चित्र निघालें, व त्यासोबत एक इंग्रजी कागद आला. तो कागद घरांतल्या सर्व शिकल्यासवरल्या मंडळींनीं आळीपाळीनें वाचला. अमरावतीहून आलेल्या भाच्यानें त्यांतले शब्द मोठ्यानें म्हटले. पुण्याच्या मुलानें ते दूरध्वनीवरून पुन्हां विचारून घेतले. 'फ्रॅक्चर नाहीं, नुसता क्रॅक आहे,' असा एकानें निवाडा दिला. 'आतां प्लेट बसवावी लागणार,' असा दुसऱ्यानें. शेवटीं मोठीआईच म्हणाली, "अरे, एवढं इंग्रजी वाचून राह्यले तुमी, पन हाड मोडलं का नाई थे सांगा ना बाप्पा!"

ह्या साध्या प्रश्नाचें खात्रीचें उत्तर देण्याची सोय मनुष्याला १८९६ पूर्वीं नव्हती. तोंपर्यंत जें काय कळे तें बोटांना कळे. आणि बोटांना किती कळत होतें, हें पाहूं गेल्यास आपण कांहींसे थक्क होतों.

आमच्याकडे ह्या विषयाचा पद्धतशीर विचार सुश्रुतसंहितेंत सांपडतो. निदानस्थानाचा पंधरावा अध्याय भग्नांचें निदान सांगतो व चिकित्सास्थानाचा तिसरा त्यांची चिकित्सा. सांधा निखळणें तें संधिमुक्त आणि हाडाचा दांडा मोडणें तें कांडभग्न, असे दोन वर्ग प्रथमच वेगळे काढले आहेत. पहिल्याचे प्रकार सहा, दुसऱ्याचे बारा. त्या बारांचीं नांवें व लक्षणें वाचतांना, हीं लिहिणारानें किती मोडके हातपाय स्वतः चाचपले असतील ह्याची कल्पना येते. घोड्याच्या कानासारखें टोंक वर आलें तें अश्वकर्ण. मध्यें मोडून खेंकड्यासारखी गांठ उठली तें कर्कटक. चूर झालें तें चूर्णित. हाडाचा एक भाग दुसऱ्यांत घुसून मगजापर्यंत गेला तें मज्जानुगत. वांकलें पण सुटलें नाहीं तें वक्र. आणि पुष्कळ बारीक चिरा पडल्या तें पाटित. आमच्या घरांतल्या 'क्रॅक कीं फ्रॅक्चर' ह्या वादाचा निकाल येथेंच लागतो. चीर पडलेलें हाड हा मोडलेल्या हाडाचाच एक प्रकार आहे. इंग्रजी वैद्यकांतहि हे दोन शब्द एकाच गोष्टीचे आहेत. 'नुसता क्रॅक' हें वाक्य केवळ आपल्या मनाच्या समाधानासाठीं जन्मलें असावें.

येथें एक गैरसमज दूर करणें बरें. सुश्रुतानें हाडांच्या पांच जाती सांगितल्या आहेत, त्यांतली एक 'तरुण'. तरुण अस्थि वांकतात असें त्यांत म्हटलें असल्यामुळें, कांहीं उत्साही लेखक 'लहान मुलांचीं हाडें वांकतात, हें सुश्रुताला ठाऊक होतें' असें लिहून मोकळे होतात. तेथें तरुण म्हणजे नाक, कान इत्यादींतली कूर्चा. बालकांचीं हाडें नव्हेत. मुलांचें हाड कोंवळ्या फांदीसारखें एका अंगानें मोडतें व दुसऱ्या अंगानें नुसतें वांकतें हें खरें आहे, पण तें त्या ओळीच्या खात्यावर मांडतां येत नाहीं. पूर्वजांचा गौरव त्यांनीं जें लिहिलें त्यानेंच पुरेसा होतो.

आणि त्यांनीं लिहिलें तें थोडें नाहीं. मोडलेलें हाड ताणावें, दाबून जागेवर आणावें, टोंकें जुळवावींत आणि मग बांधावें, हा क्रम आजहि कोणत्याहि रुग्णालयांत तसाच पाळला जातो. बांधण्यास वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन ह्यांच्या साली व बांबूच्या कांबी सांगितल्या आहेत. पट्टी थंडीच्या दिवसांत सातव्या दिवशीं, मध्यम ऋतूंत पांचव्या व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हां बांधावी. सैल बांधली तर सांधा स्थिर होत नाहीं. घट्ट बांधली तर सूज, वेदना व पाक होतो. तरुणपणीं महिन्यानें, मध्यम वयांत दोन महिन्यांनीं व उतारवयांत तीन महिन्यांनीं सांधा स्थिर होतो, असा हिशेबहि दिला आहे. आम्हांला सर्वांत हृद्य वाटलेली गोष्ट निराळीच आहे. तळहात मोडला असतां तो बरा होत आल्यावर रोग्याच्या हातांत प्रथम शेणाचा गोळा धरावयास द्यावा, मग मातीचा, आणि हाताला बळ आलें म्हणजे दगड. आज व्यायामोपचाराच्या खोलींत मऊ रबरी चेंडूपासून आरंभ करतात, तत्त्व तेंच.

वऱ्हाडांतल्या खेड्यापाड्यांतून हाडवैद्याची परंपरा आजहि अगदीं बुजलेली नाहीं. कोणाचा आजा तालमींत वस्ताद होता, कोणाच्या घरीं कांडवेलीचा लेप पिढीजात चालत आला आहे. ह्या मंडळींच्या बोटांत खरेंखुरें ज्ञान असतें, हें नाकारणें अन्यायाचें होईल. निखळलेला खांदा एका झटक्यांत बसविणारीं माणसें आम्ही स्वतः पाहिलीं आहेत. परंतु बांबूच्या कांबी करकचून आवळून रोग्यास आठ-पंधरा दिवस तसाच ठेवणें, बोटें काळीं-निळीं पडलीं तरी 'सूज उतरते आहे' म्हणून धीर देणें, ही जी रीत कोठें कोठें दिसते तिला प्राचीन म्हणूं नये. सुश्रुतानें उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं पट्टी सोडावयास सांगितलें होतें. आवळलेल्या हाताचा रक्तप्रवाह अडून स्नायु मरतात व बोटें कायमचीं आंत वळतात, ही व्याधि जर्मन शस्त्रवैद्य फोल्कमान ह्यांनीं १८८१ सालीं वर्णिली. ती आजहि त्यांच्याच नांवानें ओळखली जाते. ती प्लास्टरानेंहि होते, म्हणून दोष बांबूचा नव्हे, न सोडण्याचा आहे.

युरोपांतली हकीकत अधिक विचित्र आहे. हिपॉक्रॅटिसाच्या काळापासून एकोणिसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत, पडून मनगट बाकदार झालें कीं तेथील वैद्य तें 'निखळलें' असें समजत आणि त्याप्रमाणें ओढाताण करीत. लियोंचे पुतो ह्यांनीं हें निखळणें नसून मोडणें आहे असें म्हटलें. त्यांचें लिखाण त्यांच्या मरणानंतर, १७८३ त, छापलें गेलें, पण त्याकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं. १८१४ सालीं डब्लिनच्या स्टीव्हन्स रुग्णालयाचे शस्त्रवैद्य एब्राहम कॉलीस ह्यांनीं एडिंबरोच्या वैद्यकीय नियतकालिकांत एक लहानसा निबंध लिहिला, आणि त्या निबंधानें त्यांचें नांव जगांतल्या प्रत्येक मोडक्या मनगटाला चिकटलें. मनगटाच्या सांध्यापासून दीड इंच वर मोठें हाड मोडतें व पुढचा तुकडा हाताच्या पाठीकडे सरकतो, असें त्यांनीं सांगितलें. हात बाजूनें पाहिला असतां इंग्रज त्याला जेवणाच्या कांट्याची उपमा देतात. आमच्याकडे पळीच्या बाकाची दिली असती.

कॉलीससाहेबांची खरी थोरवी ही कीं, त्यांनीं हें सारें जिवंत माणसांच्या हातावरूनच ताडलें. अशा मनगटाचें शवविच्छेदन करण्याचा योग त्यांस आला नव्हता. हात ओढून धरला कीं बाक नाहींसा होतो आणि सोडतांच पुन्हां उभा राहतो. निखळलेला सांधा एकदां बसल्यावर असा वागत नाहीं, एवढ्या एका निरीक्षणावर त्यांनीं दोन हजार वर्षांची चूक उलटविली. त्यांचा दीड इंच मात्र कांहींसा चुकला होता; मोडीची जागा पुढें सांध्याच्या आणखी जवळ असल्याचें दिसून आलें. पुढें पॅरिसमध्यें ड्युप्युट्रेन ह्यांनीं ह्या मताचा जोरानें पुरस्कार केला, आणि १८४७ त डब्लिनच्याच रॉबर्ट स्मिथ ह्यांनीं उलट प्रकार, म्हणजे तुकडा तळव्याच्या बाजूस सरकणें, वर्णन केला. त्या निबंधांत कॉलीसांनीं आणखी एक आश्वासन दिलें होतें: मनगट वांकडें राहिलें तरी कालांतरानें हात पूर्ववत् हालूं लागतो व दुखणेंहि जातें. ह्या आश्वासनावर पुढें दीडशें-दोनशें वर्षें वाद व्हावयाचा होता, व त्याचे पडसाद अकोल्याच्या एका घरांत उमटावयाचे होते.

८ नोव्हेंबर १८९५ रोजीं जर्मनींतील वुर्ट्झबुर्ग येथें प्राध्यापक राँटगेन हे काळ्या कागदांत गुंडाळलेल्या निर्वात नळींतून विजेचा प्रवाह सोडून प्रयोग करीत असतां, दूर ठेवलेला रासायनिक लेपाचा पडदा चमकूं लागला. २२ डिसेंबरला त्यांनीं आपल्या पत्नीचा हात ह्या किरणांसमोर धरविला; चित्रांत हाडें उमटलीं व एका बोटावर अंगठीचा जाड काळा गोळा. ह्या किरणांचें स्वरूप अज्ञात म्हणून त्यांनीं त्यांना बीजगणितांतल्या अज्ञात राशीचें अक्षर दिलें. मराठी शाळांतल्या बीजगणितांत अज्ञाताला 'क्ष' म्हणण्याचा प्रघात, त्यामुळें आमच्याकडे ते सहजच क्ष-किरण झाले. ह्याहून नेमकें भाषांतर क्वचितच पाहावयास मिळतें. नुसता शब्द नव्हे, त्यामागचा संकोचहि भाषांतरित झाला. राँटगेन ह्यांनीं शोधाचें स्वामित्व राखून ठेवलें नाहीं, आणि १९०१ चें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें तेव्हां त्याची रक्कम आपल्या विद्यापीठास दिली. अशा औदार्यामुळेंच तें यंत्र कांहीं आठवड्यांत जगभर पसरलें.

आणि तें पसरतांच पहिल्यांत जें हाड त्यापुढें आलें तें मनगटाचेंच! अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतांत डार्टमथ महाविद्यालय आहे. तेथें एडी मॅकार्थी नांवाचा चौदा वर्षांचा मुलगा गोठलेल्या कनेक्टिकट नदीवर घसरत असतां पडला. डॉक्टर गिलमन फ्रॉस्ट ह्यांनीं त्याला आपले बंधु, खगोलशास्त्राचे प्राध्यापक एडविन फ्रॉस्ट ह्यांच्या प्रयोगशाळेंत नेलें. तारीख होती ३ फेब्रुवारी १८९६, म्हणजे राँटगेन ह्यांचा शोध प्रसिद्ध होऊन सहा आठवडेहि झाले नव्हते. मुलाचा हात वीस मिनिटें नळीखालीं स्थिर धरावा लागला, आणि कांचेवर मनगटाजवळच्या धाकट्या हाडाची मोड दिसली. त्या प्रसंगाचें छायाचित्रहि घेतलेलें आहे. आज ज्या कामास सेकंदाचा अंश पुरतो त्यासाठीं तो पोर वीस मिनिटें हालला नाहीं, ह्याचें श्रेय कोणत्याहि इतिहासांत त्याला दिलेलें आम्हांला आढळलें नाहीं.

त्या वेळीं वऱ्हाड कोठें होता? नांवाला निजामाचा मुलूख, पण १८५३ पासून कारभार इंग्रजांचा. भुसावळ ते नागपूर आगगाडी १८६७ त पुरी झाली होती. अकोला, बडनेरा येथून कापसाचे गठ्ठे मुंबईस व तेथून विलायतेस जात. १८९७ च्या डिसेंबरांत अमरावतीस शंकरन नायर ह्यांच्या अध्यक्षतेखालीं राष्ट्रीय सभेचें अधिवेशन भरलें, तेव्हां देशांतलें राजकारण तेथें आलें. क्ष-किरण आले नाहींत. ते हिंदुस्थानांत आले ते प्रथम बंदुकीच्या पाठोपाठ. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर ह्यांनीं हें यंत्र वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतल्या गोळ्या शोधल्या. कलकत्त्यास जगदीशचंद्र बसूंनीं आपल्या प्रयोगशाळेंत यंत्र जुळवून डॉक्टर नीलरतन सरकार ह्यांच्या रुग्णांस साह्य केलें, हा त्याहून अधिक आनंदाचा भाग. वऱ्हाडांतल्या जिन-प्रेसांत सांपडलेले, बैलगाडीवरून पडलेले, झाडावरून घसरलेले हात मात्र पुढें पुष्कळ वर्षें हाडवैद्याच्या बोटांवरच अवलंबून राहिले. अमरावतीचें जिल्हा रुग्णालय आजहि लोकांच्या तोंडीं 'इर्विन' आहे. इर्विनसाहेब १९२६ ते १९३१ पर्यंत व्हाइसरॉय होते, त्यावरून नांवाचा काळ समजतो. डॉक्टर पंजाबराव देशमुख ह्यांच्या नांवाचें वैद्यकीय महाविद्यालय अमरावतीस १९८४ त निघालें, आणि अकोल्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २००२ त. ज्या गांवीं आज चौकाचौकांत क्ष-किरणांच्या पाट्या दिसतात, तेथें ही सोय एका पिढीच्या आंतबाहेरची आहे, हें आपण विसरतों.

अमरावतीचा आणखी एक धागा येथें आठवतो. वैद्य बंधूंनीं १९१४ सालीं स्थापिलेल्या हनुमान आखाड्याचें पुढें हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ झालें, आणि १९३६ त त्याचें पथक बर्लिनच्या ऑलिंपिकप्रसंगीं देशी खेळांचीं प्रात्यक्षिकें करून आलें. मल्लखांबावरचें सारें कसब मनगटावर तोललेलें असतें. त्याच वर्षीं त्याच जर्मनींत, हॅम्बुर्गच्या एका रुग्णालयाच्या आवारांत, क्ष-किरणांनीं हात व प्राण गमावलेल्या डॉक्टर-तंत्रज्ञांचें स्मारक उभें राहिलें. त्यावर दीडशेंहून अधिक नांवें होतीं. आरंभींच्या वर्षांत हे लोक यंत्र नीट चालतें कीं नाहीं हें पाहण्यासाठीं रोज आपलाच हात किरणांपुढें धरीत. एडिसनचा साहाय्यक क्लॅरेन्स डॅली असाच १९०४ सालीं दोन्ही हात गमावून वारला. आज मनगटाच्या चित्राला लागणारी किरणांची मात्रा अत्यल्प आहे, व तिची धास्ती घेण्याचें कारण नाहीं. ही निर्धास्ती कोणाच्या हातांनीं मिळविली, तें त्या दगडावर लिहिलें आहे.

आतां मोठीआईच्या कागदाकडे वळूं. त्याचा पहिला शब्द 'एपी आणि लॅटरल' असा होता, म्हणजे चित्रें दोन: एक समोरून व एक बाजूनें. लोकांना दुसरें चित्र हा खर्च वाढविण्याचा बहाणा वाटतो. पण क्ष-किरणांचें चित्र म्हणजे फोटो नव्हे, सांवली आहे. वांकलेली काठी विशिष्ट बाजूनें उन्हांत धरली तर भिंतीवर सरळ सांवली पडते. समोरून सरळ दिसणारें मनगट बाजूनें पाहतां पळीसारखें बाकलेलें निघतें, तें ह्यामुळें. हाडांतल्या चुन्यामुळें किरण अडतात, म्हणून हाड पांढरें. मांस धूसर, हवा काळी. मोड बहुधा काळ्या रेघेनें दिसते; पण टोंकें एकमेकांत घुसलीं असतील तर त्या ठिकाणीं उलट पांढरा दाट पट्टा उमटतो. हेंच इंग्रजींतलें 'इम्पॅक्टेड' आणि सुश्रुताच्या मज्जानुगताचें जवळचें नातलग. मुलांच्या चित्रांत हाडाच्या टोंकाशीं जी आडवी काळी रेघ असते ती मात्र मोड नव्हे. तेथून हाड वाढत असतें, आणि सतराव्या-अठराव्या वर्षाच्या सुमारास ती बुजते. ती पाहून घाबरलेले आईबाप पुष्कळ आहेत.

पुढचे शब्द: 'डिस्टल रेडियस', म्हणजे आंगठ्याच्या बाजूच्या मोठ्या हाडाचें मनगटाकडील टोंक, आमच्या परिभाषेंत बहिःप्रकोष्ठास्थि. 'डॉर्सल अँग्युलेशन', म्हणजे तुकडा हाताच्या पाठीकडे कललेला. हेंच कॉलीसांचें मनगट. 'अल्नर स्टायलॉइड', म्हणजे करंगळीच्या बाजूचें बारीक टोंक, तेंहि निघालें होतें; तें पुष्कळदां ह्याच्या जोडीनें निघतें व त्याची फार चिंता करावी लागत नाहीं. 'नो इंट्रा-आर्टिक्युलर एक्स्टेन्शन', म्हणजे चीर सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागापर्यंत गेलेली नाहीं. साऱ्या कागदांत दिलासा देणारा शब्दसमूह हाच होता, व घरांत कोणीहि त्याकडे पाहिलें नव्हतें. सांध्याच्या आंत पायरी पडली तर तेथें पुढें झीज व संधिवात येतो. बाहेरची मोड तितकी खोड ठेवीत नाहीं. 'कॉमिन्यूटेड' म्हणजे चुरा झालेलें, हा शब्द त्यांत नव्हता, हेंहि भाग्यच.

मग अंश आणि मिलिमीटर. निरोगी मनगटांत ह्या हाडाचा पृष्ठभाग बाजूनें पाहतां तळव्याकडे सुमारें अकरा अंश कललेला असतो. समोरून पाहतां करंगळीकडे सुमारें बावीस अंश उतरता. आणि आंगठ्याकडचें टोंक अकरा-बारा मिलिमीटर उंच. ह्या मापांवरून किती बिघडलें तें ठरतें. १९५१ त गार्टलंड व वर्ली ह्या अमेरिकन शस्त्रवैद्यांनीं बऱ्या झालेल्या मनगटांची तपासणी करून, हाड जितकें वांकडें जुळतें तितका परिणाम वाईट होतो, असें दाखविलें. कॉलीसांच्या आश्वासनाला लागलेला हा मोठा धक्का. तेव्हांपासून हाड तंतोतंत जुळविण्याची ओढ वाढली. तारा आल्या, बाहेरून बांधावयाचे सांगाडे आले, आणि ह्या शतकाच्या आरंभापासून तळव्याच्या बाजूनें बसवावयाच्या, स्क्रू आंतच अडकणाऱ्या धातूच्या पट्ट्या सर्वत्र झाल्या. तरुण, कष्टकरी माणसाच्या हाताला ह्याचा मोठा उपयोग आहे. परंतु गेल्या वीसेक वर्षांत पासष्टी उलटलेल्या रोग्यांची तुलना करून पाहिली, तेव्हां वर्षभरानंतर पट्टी बसविलेले व नुसतें प्लास्टर केलेले ह्यांच्या हातांच्या कामांत फारसें अंतर आढळलें नाहीं, जरी प्लास्टरवाल्यांचीं हाडें चित्रांत अधिक वांकडीं दिसत होतीं. म्हाताऱ्या माणसांपुरते कॉलीससाहेब अगदींच खोटे ठरले नाहींत, असें म्हणावयास हरकत नाहीं.

पुण्याच्या मुलाचा आग्रह पट्टीचा होता. आईसाठीं उत्तमांतलें उत्तम व्हावें, ही त्याची इच्छा समजण्यासारखी आहे. दूर राहणाऱ्या मुलांचें प्रेम पुष्कळदां सर्वांत महागड्या उपायाचें रूप घेतें. डॉक्टरांनीं मोठीआईला एवढेंच विचारलें कीं, ह्या हातानें तुम्हांला काय काय करावयाचें असतें. तिनें सांगितलें: पोळ्या लाटणें, तांब्या उचलणें, वेणी घालणें. हाड जागेवर ओढून प्लास्टर करावें, आठवड्यानें पुन्हां चित्र काढून तें सरकलें का पाहावें, आणि सरकलेंच तर मग शस्त्रक्रियेचा विचार करावा, असें ठरलें. आम्हांला हा निर्णय शहाणपणाचा वाटला. तो त्या कागदांतल्या तीन-चार शब्दांवर उभा होता.

कागदांत आणखी दोन गोष्टी होत्या. एक, 'ऑस्टिओपेनिया': हाडें विरळ दिसतात. साध्या चित्रांत हाड विरळ दिसूं लागतें तेव्हां त्यांतल्या क्षारांचा सुमारें तिसरा हिस्सा आधींच गेलेला असतो. पाळी गेल्यानंतर स्त्रियांचीं हाडें झपाट्यानें झिजतात, ह्याकडे अमेरिकेंतील डॉक्टर फुलर ऑलब्राइट ह्यांनीं १९४१ च्या सुमारास वैद्यांचें लक्ष वेधलें. उभ्या उंचीवरून नुसतें पडून मनगट मोडणें ही त्या झिजेची पहिली सूचना असते. दुसरी सूचना दहा वर्षांनीं खुब्याच्या हाडाच्या रूपानें येते, आणि ती फार कठोर असते. मनगट बरें झालें कीं घरचे लोक निश्चिंत होतात, आणि जी झीज थांबवावयाची ती तशीच राहते. प्लास्टरापेक्षां ह्या एका शब्दासाठीं तो कागद जपून ठेवावा, असें आमचें मत आहे.

दुसरी, 'नौकेच्या आकाराचें हाड चित्रांत ठीक दिसतें. रुग्णाच्या तपासणीशीं ताडून पाहावें,' अशा अर्थाची ओळ. आंगठा ताणला असतां त्याच्या मुळाशीं जी खळगी पडते, जींत पूर्वींचे लोक तपकीर घेत, तिच्या तळाशीं हें लहानसें हाड आहे. त्याचा रक्तपुरवठा उलट दिशेनें, बोटांकडच्या टोंकांतून आंत येतो. म्हणून तें मध्यें मोडलें तर मागचा भाग उपाशी राहून मरूं शकतो. आणि तें इतकें लबाड कीं, पहिल्या चित्रांत त्याची मोड पुष्कळदां दिसतच नाहीं. दहा-चौदा दिवसांनीं कडा विरळ झाल्यावर दिसते. म्हणून खळगी दाबतां दुखत असेल तर चित्र स्वच्छ असूनहि हात बांधून ठेवतात व पुन्हां चित्र काढतात. 'ताडून पाहावें' ह्या शब्दांना घरांत सर्वांनीं डॉक्टरांची अंग काढून घेण्याची युक्ति ठरविलें होतें. वस्तुतः त्या कागदावरची सर्वांत प्रामाणिक ओळ तीच. सांवली पाहणारा दूर बसलेला असतो. खळगी कोणीतरी जवळ बसून दाबावी लागते.

मोठीआईची खळगी दाबून पाहिली, दुखली नाहीं. प्लास्टर झालें. बोटें हालवीत राहा, हात हृदयाहून उंच ठेवा, बोटें बधिर किंवा निळीं पडलीं अथवा दुखणें असह्य झालें तर रात्र असो कीं दिवस, तत्काळ या, असें बजावून सांगितलें. तिसऱ्या दिवशीं शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांनीं, प्लास्टर काढून आपल्या गांवच्या हाडवैद्याकडे न्यावें, असा सल्ला दिला. मोठीआईनें चहा देऊन त्यांची बोळवण केली. आठवड्याच्या चित्रांत तुकडा किंचित सरकलेला होता, पण डॉक्टरांच्या मतें तेवढा चालण्यासारखा. सहाव्या आठवड्यास प्लास्टर निघालें, तेव्हां मनगट करकरलें, कातडें कोरडें व सोलटलेलें, आणि बाजूनें पाहतां थोडा बाक अजून होता. नव्या चित्रांत मोडीभोंवतीं ढगासारखी पांढुरकी छाया आली होती. कागदांत तिला 'कॅलस' म्हटलें होतें, म्हणजे हाडाचा नवा सांधा धरूं लागला होता. ह्या खेपेस भाच्यानें तो शब्द न अडखळतां सांगितला.

व्यायामासाठीं रबरी चेंडू आणावयास सांगितलें होतें. तो आणीपर्यंत मोठीआईनें स्वयंपाकघरांत जाऊन कणकेचा गोळा हातांत घेतला होता व ती तो हळूहळू दाबीत बसली होती. आम्ही तिला शेणामातीच्या गोळ्यांची व दगडाची ती जुनी गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "म्हंजे आता पोळ्या लाटू देसान का नाई?" पोळ्यांना डॉक्टरांनीं आणखी महिनाभर मनाई केली आहे. दगडाची पाळी अजून आलेली नाहीं.